शेवटची वडी

अमेरिकेच्या पार उत्तरेकडच्या डुलुथ गावच्या माणसाकडून वाटेल ते करून घ्या. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तो स्वतःच्या अंगणातला बर्फ उपसेल, वर कोणी न सांगता शेजाऱ्याचाही उपसेल. पण ताटातली शेवटची वडी काही तो उचलणार नाही. सुरीने तिचे दोन भाग करील आणि अर्धी घेईल. पुढचा त्या अर्धीची पाव करील. असं करत करत उरलेला कण सगळी मंडळी गेल्यावर घरधनीण ओट्यापाशी उभी राहून गुपचूप तोंडात टाकते. वेंडेल हापानेन जन्माने, वाढीने आणि स्वभावाने इथलाच. पन्नाशी उलटली तरी त्याने शेवटची वडी कधी खाल्ली नव्हती. ज्या दिवशी खाल्ली, त्या दिवशी त्याचा बँड वाचला असं गावात म्हणतात. मी म्हणेन, वेंडेल वाचला.

वेंडेल आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. दोन डावांच्या मध्ये मोठ्या डौलात गोल गोल फिरतो, पोरं त्याला हात करतात, तोही हात करतो. आडदांड शरीर आणि बोलणं जेमतेम. कशालाही उत्तर एकच: "चालेल." लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हाही म्हणे तो "चालेल" म्हणाला होता. त्याची बायको मॉरीन हा किस्सा अजून सांगते आणि सांगताना अजून चिडते.

बँड सुरू झाला कॉरीन सोलबर्गच्या तळघरात. शाळा नुकती संपलेली, बाहेर हिवाळा, आणि करण्यासारखं दुसरं काही नाही. कॉरीन गाणी लिहायची आणि गायची. ड्यूई नावाच्या मित्राकडे ड्रम होते. गिटार वाजवायची हौस सगळ्यांनाच, बेसला मात्र कोणी हात लावीना. "वेंडेल, तू घेशील बेस?" कॉरीनने विचारलं. "चालेल," वेंडेल म्हणाला, आणि आयुष्यभराचं काम गळ्यात पडलं. पण पुढे त्याला ते जाड तारांचं वाद्य मनापासून आवडायला लागलं. बेसवाल्याकडे कोणी बघत नाही, पण तो थांबला की सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. हे त्याच्या स्वभावाला फार पटलं.

कुठल्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात ते कधी गेले नाहीत. गाणी स्वतःची, कॅसेट घरीच भरलेल्या, वरची चित्रं कॉरीनने रंगवलेली. नाव मात्र ठरत नव्हतं. पोस्टर छापायची वेळ आली, तिघे तळघरात डोकं खाजवत बसले होते आणि मधल्या ताटात कॉरीनच्या आईने, म्हणजे आर्डिसने, केलेल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट लाल देठांच्या, वड्यांपैकी एक तशीच पडून होती. तिला कोणी हात लावत नव्हतं. या वड्यांना इथे 'बार' म्हणतात. "हेच नाव," कॉरीन म्हणाली. "लास्ट बार!" पहिल्या कार्यक्रमाला गर्दी चांगली झाली, कारण निम्म्या लोकांना वाटलं की गावातला शेवटचा दारूचा बार बंद होतोय. ते बिचारे हळहळायला आले आणि गाणी ऐकून गेले.

पुढे बँडमध्ये माणसं आली आणि गेली. गेली म्हणजे कशी, तेही ऐका. "मी बँड सोडतो" असं इथे कोणी तोंडाने म्हणत नाही. ड्यूई म्हणाला, "पुढचा आठवडा जरा कठीणच दिसतोय." मग त्याच्या पुढचाही कठीण गेला. अखेर कळलं की त्याने फार्गोला बिऱ्हाड केलं, लग्नही केलं. त्याच्या जागी रे कोवाल्की आला. तो जन्मभर लग्नांत पोल्का नाचाची उडती गाणी वाजवलेला, त्यामुळे कॉरीनचं सर्वांत दुःखी गाणंसुद्धा त्याच्या हाताखाली वरातीसारखं उड्या मारायचं. त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त कॉरीन एकदा म्हणाली, "हे वेगळंच आहे हं!" डुलुथमध्ये याहून मोठी शिवी नाही. रेने त्याच संध्याकाळी ड्रम गाडीत भरले. एक पेटीवाला अलास्काला मासे पकडायला गेला आणि तिथेच रमला. शेवटी शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली गेल न्यक्विस्ट ड्रमवर बसली. तिच्या ठोक्यात शिट्टीची शिस्त होती, आणि ती टिकली.

माणसं इतकी बदलली की कॉरीनने कार्यक्रमात वादकांची नावं सांगणंच सोडून दिलं. चुकीचं नाव घेण्यापेक्षा घेऊच नये, हे बरं.

गेलेल्यांच्या वाद्यं जोडायच्या वायरी मात्र तळघरात राहायच्या. वेंडेलला ते बघवायचं नाही. तो वायर नीट गुंडाळायचा, पावाच्या पिशवीला असते त्या तारेचा पीळ द्यायचा, आणि ताटभर वड्यांसोबत त्या माणसाच्या ओसरीवर ठेवून यायचा. चिठ्ठी नाही, काही नाही. जो तो समजायचा: झालं गेलं, राग नाही, आता तू मोकळा. ही पद्धत वेंडेलची. ती पुढे त्याच्याच अंगावर यायची होती.

गेल्या हिवाळ्यात तो स्वतःच गुळगुळीत केलेल्या बर्फावरून घसरला आणि त्याचं डावं मनगट मोडलं. गावाला आयतंच खाद्य मिळालं. "वेंडेल, बर्फ फारच झकास झाला होता म्हणे!" असं किराणा दुकानात ओळखीच्या प्रत्येकाने ऐकवलं. हात प्लास्टरमध्ये, वसंतातले कार्यक्रम तोंडावर. कॉरीनने भीत भीत विचारलं, "तुझा हात बरा होईपर्यंत कोणाला तरी बघू का? म्हणजे, तुझी हरकत नसेल तर."

"चालेल, चालेल," वेंडेल म्हणाला.

म्हणून ब्रिटा ओलुंड आली. पंचविशीतली, बेकरीत काम करणारी, केसांत कायम पीठ. बोटं अशी की तारांवरून पाण्यासारखी वाहायची. वेंडेल दर तालमीला जाऊन कपडे धुवायच्या यंत्रावर बसायचा आणि ऐकायचा. प्लास्टर निघालं तरी तिथेच बसायचा. "अजून जरा आखडतंय," तो म्हणायचा. म्हणजे कोणाला अवघड वाटायला नको. "घाई नाही रे," कॉरीन म्हणायची. म्हणजे त्याला दडपण यायला नको. दोघंही एकमेकांना इतकं सांभाळत होते की मधल्यामध्ये वेंडेलचा बँड निसटून चालला होता.

एप्रिलमध्ये एकदा ब्रिटाने एका जुन्या गाण्याचा बेस वाजवला. ते सूर वेंडेलने पोरवयात बसवले होते. तिने त्यात अशी एक वळणाची जागा घेतली की वेंडेलने पटकन तोंड भिंतीकडे वळवलं. त्याने मांड्यांवर थाप मारली, "चला, मग!" म्हणाला, आणि जिना चढून सरळ निघून गेला.

इथे 'चला, मग' ही निरोपाची नुसती सुरुवात असते. मग जिन्यात थांबायचं, दारात थांबायचं, गाडीपाशी थांबायचं, गाडीची काच खाली करून पुन्हा एकदा हवामानाचं बोलायचं. वेंडेल कुठेच थांबला नाही. असा तडक तर भांडण झालं तरी कोणी जात नाही. खाली तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कामावरून घरी आल्यावर त्याला ओसरीवर एक झाकलेलं ताट दिसलं. रुबार्बच्या वड्या. शेजारी त्याची काळी वायर, नीट गुंडाळलेली, पावाच्या पिशवीच्या तारेचा पीळ दिलेली.

तो पायरीवरच बसला. मॉरीन बाहेर आली आणि तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"फोन कर तिला," ती म्हणाली.

"आणि काय म्हणू?"

"म्हण, मला काढलंत का?"

नागड्याने चर्चमध्ये जायला सांगितल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "असं कसं विचारायचं? त्यांना किती अवघड होईल!"

"त्यांना! अरे, तू इथे पायरीवर बसून रडतोयस आणि काळजी त्यांची? वेंडेल, तुला काय हवंय ते तू आजवर कोणाला सांगितलंयस? मलासुद्धा नाही. मला तर 'चालेल' म्हणून घेऊन आलास."

वेंडेलने ताटावरचं झाकण नीट केलं. मग हळूच म्हणाला, "तू मला हवी होतीस."

"हो ना? मग तेव्हा सांगायचं होतंस, मुडद्या," मॉरीन म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली.

आता ताट परत करणं आलं, आणि ताट रिकामं परत करायचं नसतं, ते काही तुम्हाला सांगायला नको. "मी काही करून देणार नाही," मॉरीनने बजावलं. "तुझं ताट, तूच भर." तेव्हा वेंडेलने आयुष्यात पहिल्यांदा लिंबाच्या वड्या केल्या. कडा कोळशासारख्या, मध्ये गिच्च. तशाच ताटात रचल्या, वर वायर ठेवली, आणि तालमीच्या वेळी तो कॉरीनच्या तळघरात उतरला.

"अगं बाई, कशाला एवढं!" कॉरीन म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. ब्रिटाने बेस खाली ठेवला. सगळ्यांनी एकेक वडी घेतली.

"वेगळीच चव आहे हं," गेल म्हणाली.

हवामानाचं बोलून झालं. तळ्यावरचा बर्फ कधी फुटेल ते बोलून झालं. भलेपणाने त्या जळक्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या, आणि ताटात एक उरली. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. कॉरीनने सवयीने सुरी उचलली.

वेंडेलने तिच्या सुरीखालून ती वडी उचलली आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घातली.

गेलच्या हातातली ड्रमची काठी खाली पडली. "वेंडेल, बरं आहे ना तुला?"

"नाही," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "मला जायचं नाहीये."

"कुठून?"

"बँडमधून!"

"अरे, पण तू तर गेलास!" कॉरीन ओरडली. "'चला, मग' म्हणालास आणि दारातसुद्धा थांबला नाहीस! माझी आई अजून विचारते, कोण वारलं म्हणून!"

"ही माझं गाणं माझ्याहून चांगलं वाजवत होती. मला रडू येत होतं. काय तुमच्यासमोर रडू?"

"नको नको," गेल घाईघाईने म्हणाली.

"मूर्खा, मी रडत रडत त्या वड्या केल्या! मला वाटलं तुला आमचा कंटाळा आला. विचारायचा धीर होईना," कॉरीन म्हणाली.

ब्रिटा तेवढ्यात बेस पेटीत भरायला लागली होती. "मी निघते ना. खरंच, माझी काही हरकत—"

"खबरदार!" वेंडेल म्हणाला. एवढा मोठा आवाज त्याचा त्यालाही नवीन होता. "हरकत आहे की नाही ते नीट सांग, पोरी."

ब्रिटा लालबुंद झाली. "आहे," ती म्हणाली. "मलापण जायचं नाहीये."

आता आली का पंचाईत! इतक्यात जिन्याच्या वरच्या पायरीवरून आर्डिसचा आवाज आला. म्हातारी ठार बहिरी, पण त्या घरात तिच्या नकळत काही होत नाही. "मग दोघंही वाजवा की! मला तसंही त्या बेसशिवाय काही ऐकू येत नाही. जमिनीतून पायाला लागतो तेवढाच. दोन असले तर दोन्ही पायांना लागेल!"

तसंच झालं. वेंडेलचं मनगट काही पूर्वीसारखं झालं नाही. भरभर वाजवायच्या जागा त्याने ब्रिटाला देऊन टाकल्या आणि तो खालचे, जाड, सावकाश सूर धरून बसला. त्या दिवशी तालीम संपल्यावर त्याने मांड्यांवर थाप मारली तशी कॉरीन पळत जाऊन जिन्यात आडवी उभी राहिली. निरोप इतका लांबला की मॉरीनचा फोन आला.

जूनमध्ये तळ्याकाठच्या जत्रेत 'लास्ट बार' वाजवायला उभा राहिला. दुपारची वेळ, गवतावर घडीच्या खुर्च्या, मॉरीन पहिल्या रांगेत, शेजारी कानात बोळे घातलेली आर्डिस. तिला बोळ्यांची गरज नव्हती, पण सगळ्यांनी घातले म्हणून तिनेही घातले. सुरू करण्याआधी कॉरीन माइकपाशी आली. किती वर्षांनी तिने नावं घेतली. गेलचं घेतलं, ब्रिटाचं घेतलं. मग वळली.

"हा वेंडेल हापानेन. पहिल्यापासून आहे. मी त्याला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते. हा आम्हाला हवाय."

वेंडेलचे कान लाल झाले. कुठे बघावं ते न कळून त्याने गेलने ठोके मोजायच्या आतच तारा छेडायला सुरुवात केली. बाकीच्या धावत त्याच्यामागे आल्या.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ थोडा वेळ ऐकून बायकोला म्हणाला, "दोन बेस? वेगळंच आहे हं."

"माझा नवरा आहे तो," मॉरीन मागे वळून म्हणाली. "आणि फार छान वाजवतो."

त्या माणसाने मॉरीनपुढे आपल्या ताटातल्या वड्या केल्या. एकच उरली होती. मॉरीनने ती घेतली.