कुंदाताईने मागे घेतलेला पेपर

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच एका वाक्यातलं क्रियापद शोधत बसलो होतो. सात ओळींचं इंग्रजी वाक्य, त्यात दोन कंस, तीन स्वल्पविराम आणि क्रियापदाचा पत्ता नाही. समोर असती तर मी तिला झाडलंच असतं. तेवढ्यात तिच्या मुलाचा, सुहासचा, फोन वाजला. "काका, आई गेली. दुपारची जेवून पडली ती उठलीच नाय." मी काय बोललो ते आठवत नाही. एवढं मात्र लख्ख आठवतं, आणि त्याची लाजही वाटते, की पहिला विचार आला तो त्या वाक्याचा. आता हिला नेमकं काय म्हणायचं होतं ते कुणाला विचारायचं?

डिचोलीच्या एका हायस्कुलात आम्ही पंचवीस वर्षं एकत्र काढली. ती गणिताची, मी इंग्रजीचा. ती मला 'मास्तर' म्हणे, तेही थट्टेने, कारण माझी फळ्यावरची बेरीज तिने एकदा पुऱ्या वर्गासमोर दुरुस्त केली होती. मी पेडण्याचा, ती लाटंबार्स्याची. निवृत्तीनंतर आमचा संबंध लग्न-बारशापुरता उरेल असं मी धरून चाललो होतो. पण निवृत्त होऊन वर्ष झालं नसेल, ही स्कूटरवरून थेट पेडण्याला माझ्या दारात. हातात वीस-बावीस पानं. "मास्तर, ह्यां इंग्लिश माका सरळ करून दी. जर्नलाक धाडूचां असा."

कसलं जर्नल म्हणून विचारलं, तर म्हणाली, कृत्रिम जीवनाचं. मला वाटलं प्लास्टिकची फुलं वगैरे असतील. तिने मला काजूच्या बागेला लागून असलेल्या तिच्या खोलीत नेऊन कदेरीवर, म्हणजे तिच्या जुन्या खुर्चीवर, बसवलं आणि कॉम्प्युटर दाखवला. काळ्या पडद्यावर काही हजार पांढरे ठिपके इकडून तिकडे धावत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वाळवी. तिला फक्त तीन गोष्टी ठाऊक: मातीचा कण उचलायचा, दुसरीने नुकताच ठेवला असेल तिथे ठेवायचा, वारा लागला तर वळायचं. बस्स. नकाशा कुणाकडे नाही, मुकादम नाही. मी पाहत राहिलो. अर्ध्या तासात त्या ठिपक्यांनी खांब उभे केले, खांबांना कमानी जोडल्या, कमानींवर छत घातलं आणि मधोमध राणीची खोली बंद केली. माझ्या अंगावर काटा आला. जीव नसलेल्या गोष्टीतून जिवासारखं काही उभं राहतं का, हा प्रश्न विचारणारी माणसं जगात आहेत, त्यांचं एक नियतकालिक आहे आणि माझ्या शाळेतली ही बाई त्यांच्याशी बोलायला निघाली आहे, हे मला पचायला वेळ लागला.

पहिला पेपर धाडताना तिथला फॉर्म पुढे सरकेना. 'संस्था' हा रकाना रिकामा ठेवला की लाल रेघ येई. आम्ही दोघं चहा थंड होईपर्यंत त्या रकान्याकडे बघत होतो. शेवटी तिने 'घर, लाटंबार्से' असं टाइप केलं आणि फॉर्म पुढे गेला. पेपर सहा दिवसांत परत आला. दुसरा सात महिन्यांनी, तीन परीक्षकांच्या पत्रांसह. ती पत्रं वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्यातला एक तर इतका खवट, की माझी इंग्रजीची दुरुस्तीसुद्धा त्याने सोडली नव्हती. पण कुंदाताई त्याच्यावरच खूश. "ह्यो माणूस बरो. ह्येणी सगळां वाचल्यान." मग ती प्रत्येक आक्षेपाला दहापैकी गुण देई. गुळमुळीत कौतुकाला दोन, खवट माणसाला आठ-नऊ. जितके गुण जास्त तितकं उत्तर लांब, आणि तितकं माझं काम जास्त.

त्याच खवट माणसाने पुढच्या खेपेला लिहिलं की हे सगळं पडद्यावर ठीक आहे, पण लेखिकेच्या परिसरात अशी वारुळं आहेत तर एक मधोमध कापून आतली रचना का दाखवली नाही? प्रश्न रास्त होता. पण आमच्याकडे वारूळ म्हणजे रोयण, आणि रोयण म्हणजे सातेरी देवी. कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नसते, रोयणच असते, आणि तिलाच नमस्कार करायचा. कुंदाताई फारशी देवभोळी नव्हती, उपासतापास तर तिला कधी जमलेच नाहीत. तरी मी सहज म्हटलं, की माझ्या बागेच्या कोपऱ्यात एक आहे, बघूया का खणून, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली. "घर मोडून बघूचां? तुझ्या घराची भिंत कोणी फोडून बघितल्यान तर चलात तुका?" त्यापेक्षा ती टेप घेऊन बागेतली अकरा वारुळं वर्षावर्षाने बाहेरून मोजत राहिली. घेर, उंची, पाऊस जाताना आलेली नवी माती. आत काय असेल ते गणिताने काढायचं, असा तिचा हिशेब.

आणि पाचव्या वर्षी तो पेपर स्वीकारला गेला. मी तिच्यापेक्षा जास्त नाचलो. डिचोलीच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं. गावच्या मंडळाला सांगून सत्काराची तारीखही ठरवून टाकली, तिला न विचारता. जर्नलाने छपाईपूर्वीची प्रत धाडली होती. ती तपासून आठवड्याभरात परत करायची, की झालं.

त्यातले चार दिवस उरले असताना गावाच्या वेशीवर रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने झुडपाआडचं एक मोठं वारूळ कापलं. यंत्र चालवणारा बेळगावकडचा. अर्धं कापून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, तसं त्याने इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि कंत्राटदार फोनवर ओरडत असतानाही पुन्हा यंत्रावर चढला नाही. वारुळं मोजणारी बाई गावाला ठाऊक होती. कुणीतरी तिला बोलावलं, तिने मला. मी पोहोचलो तेव्हा तो माणूस तिला हात जोडून सांगत होता, "बाई, मला ठाऊक न्हवतं ओ. आता मी हात न्हाई लावणार." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर त्या कापावर होती. सुरीने भाकरी कापावी तसं सरळ कापलं गेलं होतं ते. राणीची खोली, कमानी, छतं, सगळं तिच्या पडद्यावर होतं तसंच. मी म्हणालो, "कुंदाताय, जिंकलंस!" ती तशीच कापाजवळ गेली. खाली बसली. उन्हात किती वेळ बसली असेल... मग हळूच म्हणाली, "मास्तर, बघ... मोकळी सोडली असा."

तेव्हा मला दिसलं. सगळ्या खोल्यांचा मिळून एक गोळा, आणि त्या गोळ्याच्या भोवती सगळीकडून हातभर रुंद पोकळी. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट असते तशी. एवढ्या लाखो जिवांनी वर्षानुवर्षं माती वाहिली आणि तिथे एकीनेही कण ठेवला नाही. "माझे ठिपके जागा दिसली की भरतत रे. हेंका थांबूक कोणी शिकयलां?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. पाच वर्षांचं काम चुकलं हे कळल्यावर कुणाच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पाहिलेला नाही. मी तिच्याशेजारी उभा होतो आणि मला ती वारुळाहूनही अजब वाटली.

घरी येऊन तिने सांगितलं की पेपर मागे घ्यायचा. मी तिच्यावर ओरडलो, हे कबूल केलं पाहिजे. आता छापू दे, दुरुस्ती दुसऱ्या पेपरात कर, सगळे असंच करतात, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. आणि माझी पाच वर्षं? मंडळाला मी काय तोंड दाखवू? तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरान चुकीचां उत्तर लिवलां, आणि तुका ठावक असा चुकीचां म्हणून. मगे बरोबरची खूण करतलस?" मी चप्पल घालून निघून आलो. पंधरा दिवस अबोला. मागे घेण्याचं पत्र तिने माझ्याशिवाय लिहिलं, आणि त्यात दोन चुका होत्या.

मग अर्थातच मीच गेलो. पुढची दोन वर्षं ती एकाच गोष्टीमागे होती, ठिपक्यांना थांबायला शिकवायचं. चौथा नियम सापडेना. सत्तरीला टेकलेली बाई सकाळी चहाच्या आधी पडद्यासमोर बसे, जणू कुणी परगावाहून यायचं आहे. माझ्याकडे होतं ते क्रियापद नसलेलं वाक्य त्या अर्धवट पेपरातलं.

ती गेल्यावर सुहासने जर्नलाला कळवलं. महिन्याभराने संपादकांचं उत्तर आलं. फार चांगलं पत्र. त्यांनी लिहिलं होतं की मागे घेतलेला तो पेपर अजून त्यांच्याकडे छपाईला तयार आहे, कुटुंबाची इच्छा असेल तर तिच्या स्मरणार्थ तो छापता येईल. सुहास म्हणाला, "काका, आईचां नाव छापून येयत. पण तुमीच ठरवा." खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. हो म्हणायचं ठरवूनच मी लाटंबार्स्याला गेलो.

तिच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. बंद करायला सुहासचा हात होत नव्हता. मी तिच्या कदेरीवर बसलो आणि उत्तर लिहिण्याआधी सहज पडद्याकडे पाहिलं. ठिपके खोल्या रचत होते. खोल्यांचा गोळा झाला आणि त्याच्या एका बाजूला, मला आधी खरं वाटेना, एक अरुंद पोकळी उरली. मी श्वास रोखून पाहत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी तिथे शिवलं नाही. मग एक ठिपका आला आणि त्याने कण ठेवला. त्याच्या कणाशेजारी दुसऱ्याने ठेवला. बघता बघता पोकळी भरून गेली. "अरे, नको!" मी मोठ्याने म्हणालो, रिकाम्या खोलीत. ज्या माणसाला बेरीज धड येत नाही त्याला ती चूक दिसली होती, जिथे होती तिथेच, आणि ती छापून यावी असं मला आता वाटेना.

संपादकांना मी तीन ओळी लिहिल्या. आभार मानले आणि कळवलं की लेखिकेला तो पेपर चुकीचा वाटत होता आणि तिचं बरोबर होतं, तेव्हा छापू नये. सुहासला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि दुसरी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. पडद्यावर पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू झालं होतं.

तर जगातल्या कुठल्याच जर्नलात तिचं नाव सापडणार नाही. ते छापलेलं बघायची माझी फार हौस होती, ती वर्तमानपत्राच्या या पुरवणीत भागवून घेतो: कुंदा परब, लाटंबार्से.