टप्प्याची हजेरी

आपा आमच्या कोच होत्या, आणि सरावात त्यांनी आमच्याकडे कधी पाहिलं नाही. मैदानाच्या टोकाला, मागच्या भिंतीकडे तोंड करून त्या प्लास्टिकची खुर्ची ठेवायच्या, ओढणी कमरेला घट्ट बांधायच्या आणि आमच्याकडे पाठ करून बसायच्या. नव्या मुलीला वाटायचं, बाई कशावरून तरी रुसल्या असाव्यात. मग मागे न बघता आवाज यायचा, "शेलूवाली, डावा पाय घासतेस. बूट कोनाचा घातलास गं?" शेलूवाली म्हणजे मी. आपा कोणालाच नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. आणि बूट खरंच मावसबहिणीचा होता, मला मोठा होणारा.

आमच्या कर्जतच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे खरे कोच म्हणजे जिमखान्याचे सर. ते कडक इस्त्रीचे आणि नियमांचे माणूस होते. आपा त्यांच्या हाताखाली, सहायक म्हणून. तरुणपणी त्या स्वतः जिल्ह्याच्या संघातून खेळल्या होत्या. लग्न केलं नाही. स्टेशनजवळ त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं. दुपारभर तिथे बसून त्या गिऱ्हाइकांना ड्रेसची कापडं फाडून द्यायच्या आणि संध्याकाळी येऊन आम्हाला फाडून खायच्या. हे वाक्य माझं नाही, सरांचं आहे, आणि ते आपांच्या पाठीमागे हळूच म्हणत. आपांना अर्थातच ऐकू जायचं.

आमचं मैदान म्हणजे सिमेंटची फरशी आणि वर पत्र्याची शेड. पावसाळ्यात माथेरानकडून ढग उतरले की आत संध्याकाळच्या आधीच संध्याकाळ व्हायची, आणि नेमके दिवे जायचे. मुली अंधारात एकमेकींवर आदळू नयेत म्हणून आपांनी एक रीत पाडली होती. दिवे गेले की जागच्या जागी थांबायचं, एकीने बॉल घेऊन एकदा आपटायचा आणि पुढचीला द्यायचा. आपा टप्पा ऐकून गाव सांगायच्या. "नेरळ. हां. कशेळे. हां. शेलू, जोरात टाक की, काय उपास हाय का?" सगळ्या सापडल्या की मगच हलायचं. पुढे दिवे असतानाही हीच हजेरी सुरू झाली. रोज सरावाच्या शेवटी आपा भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि आम्ही रांगेने बॉल आपटायचो.

त्या टप्प्यावरून आपांना काय काय कळायचं, याची आम्हाला आधी गंमत वाटायची आणि नंतर भीती. कोणाला ताप आहे, कोण घरी भांडून आली आहे, कोणाची पाळी चुकली म्हणून ती घाबरली आहे, सगळं. "तोंडाकडं बघितलं की तुमी हसून दाखवता," त्या म्हणायच्या. "मंग मी कशाला बघू?" रांग संपली तरी त्या लगेच उठत नसत. मान जरा वाकडी करून भिंतीकडे बघत राहायच्या, अजून कोणीतरी बाकी असल्यासारख्या. लांब घाटाकडे मालगाडी ढकलणारी इंजिनं धापा टाकत असायची, आणि शेडमध्ये मात्र इतकं सामसूम व्हायचं की मला माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलीकडे वळून बघावंसं वाटायचं. मी रांगेत शेवटची असले तरीसुद्धा.

आमची कॅप्टन वैशाली. ती खालापूर तालुक्यातल्या चौकची, म्हणून चौकवाली. उंच, चपळ, आणि तोंडाने फटकळ. आपांचा तिच्यावर फार जीव होता, म्हणून शिव्याही तिलाच जास्त. खोपोलीला आमची फायनल होती. ती बघायला विद्यापीठाच्या संघाचे निवडणारे येणार होते. वैशाली त्या संघात गेली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी मिळण्याची आशा होती. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्या नोकरीवर घरातल्या सगळ्यांचे डोळे लागले होते.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी हजेरी सुरू झाली. दिवे होते, पाऊस नव्हता. नेरळ झाली, कशेळे झाली. वैशालीने बॉल आपटला आणि माझ्याकडे दिला. आपा गप्प.

"चौकवाली, टाक ना गं," त्या म्हणाल्या.

"टाकला की आपा."

"नाय आला. परत टाक."

वैशालीने माझ्याकडून बॉल परत घेतला आणि दोन्ही हातांनी आपटला. पत्रे दणाणले. आम्ही खुदकन हसलो. आपा तशाच बसलेल्या. मग त्या वळल्या. सरावात मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला, आणि आमचं हसू तिथेच विरलं. वैशालीने त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा बॉल आपटला, तो उडताना त्यांना दिसला, पण मान वाकडी करून त्या ऐकतच राहिल्या.

"तू उद्या खेळायचं नाय," त्या म्हणाल्या.

सरांना ही बातमी कळली तेव्हा ते धावतच आले. जिमखान्याच्या दारात दोघांची जुंपली आणि आम्ही बाहेर कान लावून उभ्या.

"आपा, बाहेरची माणसं येणार. त्यांना काय सांगू? हिचा टप्पा ऐकू येत नाही म्हणून हिला बसवली?"

"पाय मुरगळला म्हनून सांगा."

"पण मुरगळला नाहीये तिचा!"

"मंग मी मुरगाळते."

त्यानंतर आपा काहीतरी अगदी हळू बोलल्या. सर बाहेर आले ते वेगळेच होऊन. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आधीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. तिचा टप्पा एकदा आपांना ऐकू आला नाही. आपांना वाटलं, सर्दीने कान बसलेत. तिला घरी जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर धबधब्यावर गेली आणि पाण्यात बुडाली." सर विज्ञानाचे पदवीधर होते. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "माझा विश्वास नाही यावर. पण मी उद्या वैशालीला उतरवणार नाही."

खोपोलीला अख्खी मॅच वैशाली बाकावर बसून होती आणि आपांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मॅच त्या एरवी डोळे भरून बघायच्या. त्या दिवशी खाली फरशीकडे बघत होत्या. वैशाली रागाने रडत होती, हात सोडवायला बघत होती, आणि आपांची बोटं ढिली होत नव्हती. आम्ही हरलो. निवडणाऱ्यांनी दुसऱ्याच कॉलेजची मुलगी उचलली.

दुसऱ्या दिवशी आपा बॉल पिशवीत घालून चौकला गेल्या. वैशालीच्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "एकदा टाक गं. मला ऐकू दे, मंग मी तुझ्या वाटेला येनार नाय." वैशालीने त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्या पुढेही जात राहिल्या, कधी एसटीने, कधी टमटमने. वैशालीने त्यांच्यासमोर बॉलला हात म्हणून लावला नाही. नोकरी गेली ती गेलीच. तिने खोपोलीत एका कारखान्याच्या पॅकिंगमध्ये काम धरलं, लग्न केलं, मुलगा झाला.

माझ्या लग्नात दोघी समोरासमोर आल्या. वैशाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बघा आपा. काय झालं मला? काय बी नाय झालं."

"मंग काय तर," आपा म्हणाल्या. "ते व्हायला नको म्हनून तर बसवली तुला."

आपांनी तिला वाचवलं की तिचं वाटोळं केलं, हे मी कितीदा मनात घोळवलं असेल. दोन्ही बाजूंनी विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे सर निवृत्त झाले आणि मी त्याच कॉलेजात आपांची सहायक म्हणून रुजू झाले. तेच पत्रे, तीच खुर्ची. आपा आता थकल्या होत्या, पण हजेरी चुकली नाही. या वर्षी पावसाळा सरताना एका संध्याकाळी सगळ्या मुलींचे टप्पे झाले आणि आपा म्हणाल्या, "दे इकडं बॉल." त्यांनी स्वतः कधीच हजेरी दिली नव्हती. त्या खुर्चीतून उठल्या, बॉल आपटला, झेलला आणि मान वाकडी करून थांबल्या.

"आला का गं?" त्यांनी विचारलं.

"आला आपा."

"चांगला आला?"

"खणखणीत."

लहान मूल समजूत घालायला लागलं की आपण हसतो, तशा त्या हसल्या. मी खोटं बोलत नव्हते. टप्पा आला होता, मुलींनीही ऐकला होता. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. रिक्षात बसताना म्हणाल्या, "चौकवालीला सांग, एकदा येऊन टाकून जा. मी नसले तरी टाक. कोनीतरी ऐकायला पायजे तिचा."

त्याच आठवड्यात आपा झोपेतच गेल्या. त्यांचा तो निरोप मी वैशालीला आधीच सांगितला होता, तेव्हा तिने फोन ठेवून दिला होता. मयतीलाही ती आली नाही. मला तिचा राग आला, फार आला.

पण नंतर एका संध्याकाळी मुली गेल्यावर मी कुलूप शोधत होते, तेव्हा ती शेडच्या दारात उभी होती, कारखान्याच्या गणवेशात. चेहरा ओढलेला. म्हणाली, "तुला वाटत आसंल मी इसरले. रोज सकाळी कामावर निघताना पोराचा बॉल अंगनात आपटून बघते मी. रोज. नवऱ्याला विचारते, आला का? तो म्हनतो येडी हायस. पन तो काय आपा हाय? मला माझा येतोच ऐकू, त्याचा काय उपेग?" मग तिचा आवाज फुटला. "इतकी वर्षं मी भ्यायले गं. आन् ज्यांना विचारायचं त्यांच्यावर रुसून बसले."

मी तिला बॉलची जाळी दाखवली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. आपांसारखं ऐकता येतं असं मला कधी वाटलं नव्हतं. भिंतीचा चुना ठिकठिकाणी पोपडे धरून निघाला होता. ढग खाली आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. मी डोळे मिटले. घाटाकडे गाडी नव्हती, रस्त्यावर रिक्षा नव्हती. आणि मग टप्पा आला, स्वच्छ, माझ्या अगदी मागे.

"आला," मी म्हणाले. मला रडूच फुटलं. "आला गं वैशाली, चांगला आला."

मग लांबून, शेडच्या पार दुसऱ्या टोकाकडून, वैशालीचा आवाज आला.

"मी अजून बॉल घेतला नाय गं. ही जाळीची गाठ सुटत नाय."

मी मागे वळले नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. तीही जागची हलली नसावी. मग मी म्हणाले, "घे. आता टाक."

तिने गाठ सोडली, बॉल घेतला आणि आपटला. तो मला लांबून ऐकू आला. मी सांगितलं. तिने परत आपटला, परत, परत, आणि प्रत्येक वेळी मी सांगत गेले, "आला. आला. आला." आणि दर वेळी, मी बोलण्याच्या जरा आधी, माझ्या अगदी पाठीशी कोणीतरी म्हणत होतं, "चौक. हां."