व्हर्लन टीगची नवी टोपी

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या मूर्सव्हिलला शर्यतीच्या गाड्यांवरच निम्म्या घरांची चूल पेटते. व्हर्लन टीग आणि मी एकाच वर्कशॉपमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकायचो. टीगांच्या घरात एकाच कंपनीची गाडी चालायची. व्हर्लनच्या वडिलांनी तिच्याच गाड्या बांधल्या, तेव्हा ती ओळीने शर्यती जिंकत होती. मग तिने शर्यतीच सोडल्या आणि वडील ट्रॅक्टर दुरुस्त करू लागले. पुष्कळ वर्षांनी ती परतली, आधी सगळ्यांच्या मागे रखडली, आणि शेवटी आम्ही वर्षाचं अजिंक्यपद मिळवलं. त्याच हिवाळ्यात ती पुन्हा निघून गेली. आमचं वर्कशॉप बंद झालं.

व्हर्लनला प्रतिस्पर्धी कंपनीच्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. त्याने मलाही बरोबर घेतलं.

रविवारी चर्चनंतर त्याच्या आईकडे जेवताना धाकटा भाऊ क्लीट भडकला. "त्यांच्या गाडीला हात लावणार तू? आज बाबा असते तर..."

"तर म्हणाले असते, आधी पोरांच्या तोंडचा घास बघ," व्हर्लन म्हणाला.

क्लीट ताट सरकवून उठला, तो पुन्हा आलाच नाही.

नव्या जागी पुढच्या आवारात फक्त त्यांच्याच कंपनीच्या गाड्या लावता यायच्या. व्हर्लन आपला जुन्या कंपनीचा पिकअप ट्रक मागे, कचऱ्याच्या पेटीशी उभा करायचा.

"वीक की तो आता," मी म्हटलं.

"चांगला चालतोय. चालत्याला कशाला टाकायचं?" कंपनीबद्दल तो याहून जास्त कधी बोलला नाही.

उन्हाळा सरता सरता ब्रिस्टलच्या शर्यतीत आमची गाडी जिंकली. फोटोसाठी सगळ्यांना त्या कंपनीच्या टोप्या वाटल्या. व्हर्लनने ती बराच वेळ हातात फिरवली, मग घातली. फोटो पेपरात आला, आणि दुपारच्या सुट्टीत क्लीटचा फोन. त्याचा आवाज शेजारी मलाही ऐकू येत होता.

"टोपीत माकड दिसतोस."

"तू टोपीशिवायच दिसतोस."

मग क्लीटने हळूच विचारलं, "पुढचा पत्रा तू ठोकलास?"

"हो."

"दोनदा भिंतीला घासला, तरी सुटला नाही. बघत होतो मी."

"त्यांच्या गाडीकडे?"

"तुझ्या कामाकडे, गाढवा!"

फोन ठेवून व्हर्लन सँडविच न खाताच बसून राहिला. काही तरी बोलावं म्हणून मी विचारलं, "आपली कंपनी परत आली तर?"

"येईल," तो म्हणाला. "आणि जाईलही."

डोळे पुसून तो हातोडा शोधू लागला.