नळाचं पाणी

भाचीला इस्पितळात ठेवलं होतं, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसलेली असायची. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा वाडीतली होती. नाव मी विचारलंच नाही. तापाने बाळाची टाळू फुगली होती. टाळूवर ती हात धरायची, पण टेकवायची नाही.

डॉक्टर म्हणाले, साल्मोनेलाचे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत, बहुतेक घाण पाण्यातून. सासू पुटपुटली, "हिनाच बाटली धुवूक नाय."

"धुतलंय गो आये, पन त्याच नळाच्या पाण्यान!" ती कडाडली. नळाचा पाइप गटारात फुटलाय, हे तिने ग्रामपंचायतीत कितीदा सांगितलं होतं.

बाळ वाचलं. पण घरी जायच्या दिवशी तिने त्याच्या कानाशी पेला आपटला, तर त्याची पापणीही हलली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या आजारात त्याचे कान गेले, ऐकू येत नाही.

दुपारी तिच्या गावचे सरपंच बिस्किटं घेऊन आले. "देवाची कृपा, पोर वाचला. पाइपाचा बघूया."

ती म्हणाली, "ह्येका आता आयकाक येना नाय. माका येता. बोला."

ती ओरडली असती, तर सरपंच तिची समजूत काढून सुटले असते. पण बाळाला मांडीवर घेऊन ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.