सोनूवहिनीचं तोंड

आमच्या घरात सगळ्यात मोठं काय, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, सोनूवहिनीचं तोंड. ती माझ्या थोरल्या भावाची, मोरूदादाची, बायको. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. उरणजवळ आमचं गाव, एका अंगाला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली मिठागरं. वहिनी लग्न होऊन आली ती मिठागरावर कामाला जायची आणि डोक्यावर मिठाची टोपली असतानाही बोलतच असायची. दादा म्हणायचा, "पानी सुकून मीठ झालं, हिचं तोंड काय सुकत न्हाय."

पण त्याच तोंडानं गावातली निम्मी लग्नं पार पडली आहेत. वहिनी धवलारीण आहे. आमच्यात भटजी येतात आपल्या वेळेला. त्याआधी मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे ते धवलारणीनं. देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन तीच लग्नाचं आवतण देते. नाव राहिलं तर ते माणूस मांडवाबाहेर ताटकळत उभं राहतं, असं म्हणतात. वहिनीला चाळीस घरांच्या चार चार पिढ्या पाठ. शाळेची पायरी ती चढली नाही. मी सातवी शिकलो, मीटर वाचायच्या नोकरीत लागलो आणि जन्मभर आकड्यांखेरीज काही लिहिलं नाही. त्यामुळे इथे काही चुकलं तर ते माझं. वहिनीला वाचता येत नसलं तरी चूक कुणाची हे तिला बरोबर कळतं.

गेल्याच्या गेल्या वैशाखात आमच्याच घरी लग्न निघालं, वहिनीचा नातू विपुल याचं. घरचं लग्न म्हणून वहिनी हळदीच्या दिवशी जोरात गात होती. पणजोबांना बोलावलं, आजोबांना बोलावलं, आमच्या बा'ला, म्हणजे वडलांना, बोलावलं. आता दादाचा नंबर. वहिनीनं मांडवाच्या खांबाकडे बघितलं, घशात काहीतरी हूं केलं आणि थेट गावदेवीवर उडी मारली.

कारण साधं होतं. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात एकदा घेतलं की जन्माची बेगमी झाली. दादाला ती मुलाच्या नावानं "दिपेशचा बा" म्हणायची, आणि आवतण काही "दिपेशच्या बा"ला देता येत नाही.

मी खांबाला टेकून बसलो होतो. चारचौघांत मी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी कशी कोण जाणे मला एक गंमत सुचली. वहिनी चहा घ्यायला उठली तेव्हा म्हणालो, "वहिनी, सगल्यांना बोलावलंस, दादा तेवढा राहिला. रुसला तर जेवायचा न्हाय हां."

ती हसली नाही. माझ्या विनोदाला कुणी हसत नाहीच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आषाढात वहिनीचं तोंड आलं. गालाच्या आत, हिरड्यांवर, टाळूवर लालभडक चट्टे. गावात वैद्यांची कमी नाही. शेजारची गोदूबाई म्हणाली, उष्णता आहे, सब्जा घे. दिपेश म्हणाला, मशेरी सोड. दातांच्या दवाखान्यात एक दाढ गेली, तिचा काही दोष नव्हता. वहिनीनं आपला घरचा उपाय काढला. मिठागरवाल्यांच्या घरात जखमेला दुसरं काही लावतच नाहीत. खड्याचं मीठ पाण्यात घालून गुळणी. त्या गुळणीनंतरची किंकाळी ट्रेलरवाल्यांनीसुद्धा ऐकली.

मग घर शांत झालं. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रेडिओच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. पण वहिनी जेवेना. तांदळाची भाकरी पाण्यात कालवून, डोळे मिटून गिळायची. मोठ्या डॉक्टरकडे चल म्हटलं की मान हलवायची. दर सोमवारी मात्र चुपचाप गावदेवीला नारळ ठेवून यायची.

दिवाळी झाली आणि पाठीवर फोड आले. पाणी भरलेले, सैल, पोलक्याच्या घासानं फुटणारे, आणि फुटले की खालचं लाल मांस उघडं. गोदूबाई गेरूची वाटी घेऊन धावत आली. "नागीन हाय ही! तोंडाला शेपटी भिडायच्या आधी रंगवली पायजे." तिनं वहिनीची पाठ लाल रंगवून टाकली आणि जाता जाता मला अंगणात म्हणाली, "हेमालीच्या लग्नाला दुसरी धवलारीन बघा आता. ही गायची न्हाय."

हेमाली म्हणजे विपुलची बहीण. तिचं लग्न येत्या वैशाखातलं ठरलं होतं. ते बोलणं आतून वहिनीनं ऐकलं असावं. मी आत गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. महिन्याभरात पहिल्यांदा ती मला पुरं वाक्य बोलली. "भावजी, तुमी बोललाव तेच झालं. त्यांचं नाव गिल्लं मी. ते रुसले. तोंड धरलं माजं."

चार महिने ही बाई मोठ्या डॉक्टरकडे गेली नाही ती माझ्या एका विनोदापायी. चारचौघांत जन्मात एक केला, तोही असा. तेव्हाच सांगायला हवं होतं की वहिनी, मी आपलं उगीच बोललो होतो. पण माझ्या तोंडाला कुठलाच रोग नसतानाही ते वेळेवर उघडत नाही. मी फक्त दिपेशला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला गाडीत घातलं आणि आम्ही मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथली कातडीची डॉक्टर म्हणजे प्राप्ती नावाची पोरगी, हेमालीएवढीच दिसणारी. तिनं आधी गेरू बघितला, मग आमच्याकडे बघितलं. फोडाच्या शेजारची चांगली कातडी तिनं अंगठ्यानं हलकेच दाबून सरकवली, तर ती ओल्या कागदासारखी निघून आली. दिपेशनं तोंड फिरवलं. मग कातडीचे दोन तुकडे काढले, दोन वेगळ्या बाटल्यांत घालून तपासायला पाठवले.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिनं संगणकावर एक चित्र दाखवलं. काळ्यावर हिरवंगार चकाकणारं जाळं.

"आजी, ही तुमची कातडी."

"हिरवं जालं?" वहिनी बघतच राहिली. "बोंबील पकडाया टाकलंय का?"

डॉक्टर हसली. रोगाचं नाव तिनं पेम्फिगस सांगितलं. लाखात एखाद्या-दुसऱ्याला होतो. माणसाच्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते. कातडीचे बारीक बारीक कण एकमेकांना धरून राहतात ते एका चिकट द्रव्यामुळे. ही फौज त्या द्रव्यालाच शत्रू समजते, धरलेले हात सोडवते, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. पुष्कळांना सुरुवात तोंडातूनच होते. ही नागीण नव्हे, ती वेगळी. आणि हा कुणाचा कुणाला लागत नाही.

वहिनीनं चित्रातल्या जाळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे मिठागराचा राखनदार. चोर समजून आपलाच बांध फोडतो."

"अगदी तसंच, आजी. मला आता दुसऱ्यांना समजावताना हेच सांगता येईल."

"मंग त्याला कामावरून काढा."

"काढता नाही येत. त्याला जरा झोपवायचं. म्हणजे खऱ्या चोराकडेही त्याचं लक्ष राहणार नाही, म्हणून ताप आला तर लगेच यायचं." तिनं गोळ्या लिहून दिल्या, आणि पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन सलाइन. "आणि मीठ कमी खायचं."

इथे मात्र वहिनी खुर्चीतून उठली. "मीठ कमी? दिपेश, चल घरी. मिठागरवाल्याच्या घरात आलनी खायला मी काय पाहुनी हाय?"

पहिल्या सलाइनच्या दिवशी तिच्या खाटेजवळ मी बसलो होतो. नळीतून थेंब पडत होते. तासभर ते मोजले आणि शेवटी बोललो. "वहिनी, दादा रुसला बिसला न्हाय. मी विनोद केलता. तुझं तोंड माझ्यापायी चार महिने सडलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मिठात माती निघाल्यावर बघायची.

"विनोद केलता?"

"व्हय."

"मंग तवाच सांगायचं ना! तुमचा विनोद कलायला मानसाला चार महिने लागतात." आणि ती हसली. ओठ फाटून रक्त आलं, नर्स येऊन मला ओरडली. त्या हसण्यापायी मी आणखी ओरडा खाल्ला असता.

गोळ्यांनी पाठ महिन्याभरात सुकली. तोंड मागं राहिलं. उलट त्याच गोळ्यांनी चेहरा फुगून तांदळाच्या भाकरीसारखा गोल झाला. रोगाचं तिनं नाव ठेवलं पंपूशेठ. "आज पंपूशेठ झोपलेत, जरा बोलून घेते," म्हणायची, आणि घ्यायची. रेडिओ पुन्हा बंद झाला. आजार लागेल म्हणून गोदूबाई अजून आमच्याकडे आपला कप वेगळा ठेवते हे वहिनीच्या लक्षात आलं होतं. एके दिवशी तिनं मुद्दाम गोदूबाईच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, "आता तुजा आजार मला लागला तर? तुजी तर जीभच आजारी हाय." त्यानंतर गोदूबाई आमच्याच कपांतून चहा घेते.

चैत्रात एक भानगड झाली. लग्नाच्या फोटोत भाकरी दिसायला नको म्हणून वहिनीनं गोळ्या बंद करायचं ठरवलं. हेमालीला गोळ्यांचा डबा भरलेलाच सापडला. तिनं डॉक्टरला फोन लावून सरळ आजीच्या कानाला धरला. एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल, हळूहळू कमी करायच्या त्या मी करेन, असं ती डॉक्टर पोरगी अशा आवाजात बोलली की वहिनी "व्हय बाय, व्हय बाय" म्हणत राहिली. वहिनीला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं. गाऊ का, एवढं तेवढ्यात वहिनीनं विचारून घेतलं. थोडं गा, दुखलं की थांबा, असं उत्तर आलं.

वैशाखात मांडव पडला. हळदीला वहिनीनं आपल्या हाताखालची जनी पुढे बसवली. धवले जनी गात होती, वहिनी शेजारी बसून बोटांनी ठेका धरत होती आणि चुकलं की कोपरानं ढोसत होती. गेलेल्यांना बोलवायची वेळ आली तेव्हा तिनं जनीच्या मांडीवर हात ठेवून तिला थांबवलं.

आवाज बारीक होता, कडेला फाटलेला. पणजोबा आले. आजोबा आले. आमचा बा आला. मग वहिनी थांबली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी खांबाला टेकलेला होतो, पण या वेळी तोंडावर रुमाल धरला होता, न जाणो काही निघायचं.

"मोरू," ती म्हणाली. मग सुरावर घेऊन पुन्हा, "मोरू या, मांडवी या."

बायकांत एकच खसखस पिकली. गोदूबाई तर पदर तोंडात घालून हसत होती. वहिनीचा भाकरीसारखा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण तिनं गावदेवीपर्यंत आवतण नीट पुरं केलं.

नंतर चहा घ्यायला ती माझ्या खांबाशी आली. मी म्हणालो, "वहिनी, आता कशाला घेतलंस? डॉक्टरनं सांगितलं ना, दादाचा यात हात न्हाय."

"भीतीनं न्हाय घेतलं," ती म्हणाली. "नात निघाली त्यांची. त्यांना नको का बोलवायला?" चहाचा एक घोट तिनं तोंडात घोळवून सावकाश गिळला. दुखलं असावं. "आता त्यांच्यानंतर तुमचाच नंबर, भावजी. तुमचं नाव घ्यायला मला लाज न्हाय वाटायची. पन अजून घसा बरा व्हायचाय. जरा थांबा."