कुशाबाचा उजवा हात

परळच्या चाळीत गंगुबाईची खानावळ होती आणि डबे पोचवायला तिचा नवरा कुशाबा. अठरा डबे सायकलला अडकवून तो भर दुपारी करी रोडच्या गिरणीवर हजर व्हायचा. माणूस भिडस्त, पण सायकलवर नियमाला पक्का. एकाच बाबतीत त्याने स्वतःचं शहाणपण चालवलं होतं. वळताना आडवा केलेला हात मोटारवाल्यांना दिसत नाही, अशी त्याची खात्री होती. म्हणून तो मूठ वळून हात सरळ आभाळाकडे उगारायचा.

आता ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. कुणाची मूठ वर गेली की अर्धा रस्ता घोषणा द्यायचा. एका दुपारी लालबागच्या नाक्यावर उजवीकडे वळायला कुशाबाने मूठ उगारली. मागून गंगाधर नावाचा तरणा टॅक्सीवाला येत होता, चळवळीने भारलेला. त्यानेही खिडकीतून मूठ काढली, "झालाच पाहिजे" अशी खणखणीत साद दिली आणि गाडी तशीच पुढे दामटली. कुशाबा वळला तो थेट टॅक्सीवर. पाय मोडला, भातआमटी रस्ताभर झाली.

त्याला इस्पितळात पोचवून गंगाधर संध्याकाळी खानावळीत मान खाली घालून उभा राहिला.

"आता डबे कोण पोचवतलो?" गंगुबाई म्हणाली.

"मी पोचवतो, काकी. सायकल द्या."

पहिल्याच दिवशी तो घामाने निथळत परत आला. एका ट्रकने त्याला गटाराकडे दाबलं होतं आणि एका टॅक्सीवाल्याने आईवरून शिवी हासडली होती. तो टॅक्सीवाला त्याचाच दोस्त निघाला.

"काका, तुमी रोज ह्याच्यातनं जाता?"

पाय प्लास्टरमध्ये घालून घरी आणलेला कुशाबा खाटेवरून नुसता हसला. पोराचा राग त्याला कधी आलाच नाही.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं, आणि खरी गोम तेव्हा कळली. पाय बरा झाला, पण मनात भीती बसली होती. गंगाधरला टॅक्सी सोडून जन्मभर डबे वाहता येणार नव्हते. कुशाबा निघाला नाही तर खानावळ बुडाली. चार दिवस तो सायकल नुसती पुसत बसला. पाचव्या दिवशी बायकोचं उतरलेलं तोंड बघवेना, तसा निघाला.

नाक्यावर आला आणि हात काही हँडलवरून सुटेना. मागे भोंगे सुरू झाले. तेवढ्यात एक टॅक्सी सगळ्या मोटारींसमोर आडवी उभी राहिली. परळपासून गिऱ्हाईक न घेता गंगाधर त्याच्या मागेमागे येत होता. तो खाली उतरला.

"ए, हॉर्न काय मारतो? माझे काका वळतायत. थांब जरा."

लोक शिव्या देत राहिले, तो हलला नाही. कुशाबाचा हात हळूहळू बाहेर आला. तो वळला, आणि पन्नाशीचा तो माणूस भर नाक्यावर, सगळ्यांदेखत, रडत रडत सायकल चालवत गेला.

गिरणीच्या दारात कामगारांनी विचारलं, "कुशाबा, डोळ्यांक काय झाला?"

"काय नाय," तो म्हणाला. "गरम आसा तवसर जेवा."