दोनच माणसांची गाडी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बंगळूरहून सहा-सात तरुण आमच्या घरी आले. सगळ्यांचं वेड एकच, एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार. बुटकी, दोन माणसांची, कापडी छताची, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येणारी. त्यांच्यातल्या दोघांकडेच ती गाडी आहे, बाकीचे नुसते झुरतात. रेकॉर्ड करायला फोन पुढे धरून ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, "तुम्ही पहिल्यांदा हिच्या प्रेमात कसे पडलात?" कुणी लहानपणी मामाच्या भिंतीवर चित्र पाहिलं होतं. कुणी कॉम्प्युटरच्या खेळात तीच गाडी पळवून पळवून दहावीचे मार्क घालवले होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "कॉफी घ्या, निवते आहे."

उत्तर नव्हतं असं नाही. सांगायचं त्राण नव्हतं. आणि ते उत्तर एकट्या माझं नव्हतं.

आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी. विठ्ठल आमच्याबरोबर कधी इकडे आला ते कुणाला सांगता येत नाही, पण आला आणि राहिला. आजोबांनी कोट शिवले, वडिलांनी शर्ट-पँटी. माझ्या वेळेपर्यंत लोकांनी शिवून घ्यायचंच सोडलं, म्हणून मी गाड्यांच्या सीटा शिवायला लागलो. आता सीटांची कव्हरंही तयार मिळतात, घरपोच येतात. गिऱ्हाईक ती घेऊन येतं आणि म्हणतं, जरा बसवून द्या. पंचवीस वर्षं वाकून माझी कंबर गेली, डोळ्यांत मोतीबिंदू आला. दुकान चामराजपुरमला घराच्या पुढच्याच खोलीत आहे. सीटांच्या कडेची गोट, म्हणजे पायपिंग, आणि हातशिलाई बायको करायची. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती मशीनवर बसली, ती बसलीच. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दिवसभर दोन मशिनींचा आवाज, आणि संध्याकाळी तोही नसायचा.

अशात तीन वर्षांपूर्वी मॅडम आल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, सहासष्ट-सदुसष्टच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यांचे पूर्वज इथल्या जुन्या लष्करातले मराठे. घरी मराठीच, पण निम्मी कन्नड मिसळलेली.

"दोन सीटा आहेत, अण्णा. फाटल्यात. घरी येऊन बघता का?"

"दुसऱ्या कुणाला दाखवा, मॅडम. मी नवीन काम घेत नाही," मी म्हटलं. खरंच घेत नव्हतो.

"सुम्ने बघून तर जा," त्या म्हणाल्या. नुसतं बघायला काय जातंय, असा आव आणून. आणि वाट न बघता चालू लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढं लांब आलेल्या बाईला नाही म्हणवेना. मी मागून गेलो.

रेल्वे लाइनच्या पलीकडे त्यांचं घर. पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गाडी. नवरा गेल्यापासून आठ वर्षं हललेली नाही, असं त्या म्हणाल्या. ताडपत्री काढली तर उंदरांनी एक सीट कुरतडलेली, चाकं बसलेली, रंग लाल होता असं म्हणण्यापुरता लाल. मी मनात म्हटलं, आगल्ला, हे आपल्याच्यानं होणार नाही. तोंडानं काही बोलायच्या आत मॅडम गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. छताला मागे प्लास्टिकची खिडकी होती. त्यांनी तिच्या कडेला हात घातला आणि झिप उघडली.

मी बघतच राहिलो. साधी झिप. जर्किनला असते तशी. छत दुमडायच्या आधी ती उघडायची, खिडकी सपाट निजवायची, म्हणजे तिला घडी पडत नाही. इतकी वर्षं मी गाड्यांच्या आत कापड बसवत आलो होतो, पण गाडीच कुणी शिवलेली आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

"कुठल्या शिंप्यानं केलंय हे?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. "म्हणजे काम घेतलंत."

सीटा घरी आणून उसवल्या. उसवायला चार दिवस लागले, कारण मी सावकाश उसवत होतो. प्रत्येक शिवण दुहेरी, टाके एकसारखे, आतली कडसुद्धा मुडपलेली. जी बाजू कुणी कधी बघणार नाही ती. बायकोला बोलावून दाखवली. तिनं चष्मा वर करून कापड नाकाशी नेलं.

"अहो, इथं चुकलाय बघा," ती म्हणाली.

खरंच, एका कोपऱ्यात सुईची जुनी भोकं होती. कुणीतरी वाकडं शिवलं होतं, उसवलं होतं आणि पुन्हा सरळ शिवलं होतं.

"दिवस संपायला आला असेल त्याचा," मी म्हटलं.

"किंवा तिचा," बायको म्हणाली.

कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या कारखान्यात आपल्यासारखंच कंबर धरून कुणीतरी बसलं होतं, एवढंच मला त्या कापडातून कळलं. पण तेवढं पुरलं. तशाच विणीचं काळं कापड मिळेना, तेव्हा मी बस पकडून मंड्याला गेलो आणि एका बंद पडलेल्या सोफेवाल्याच्या गोदामात धूळ खात पडलेला तागा शोधून आणला. काम नको म्हणणारा माणूस मी. तोवर मॅडमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकनं इंजिन चालू केलं होतं.

सीट बसवायला दोन माणसं लागतात. एकानं फोम दाबायचा, दुसऱ्यानं कापड ओढून खालच्या तारेत क्लिपा अडकवायच्या. म्हणून बायको बरोबर आली. सीटा बसल्या, पाने-पकडी पिशवीत गेल्या, आणि बायको ड्रायव्हरच्या सीटवर टेकून बघायला बसली. शिवण कुठं टोचते का ते ती नेहमीच असं बघते. पण उठेना.

"चल, उतर," मी म्हटलं.

"थांबा."

तिनं गिअरच्या दांड्यावर हात ठेवला होता. मॅडम दाराशी आल्या. "हलवून बघ," त्या म्हणाल्या. बायकोनं हलवला. मनगट जेमतेम फिरलं आणि खट्ट करून तो बसला.

मॅडम पोर्चच्या पायरीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. तरुणपणी त्या शिकायला दोन वर्षं जपानात होत्या. भाषा येत नव्हती, जेवण उतरत नव्हतं, रोज रात्री रडायच्या. एकदा प्रयोगशाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलीनं स्टेशनवरून अशाच गाडीतून त्यांना सोडलं. घाटाचा रस्ता. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. फक्त वळण आलं की मनगट हलवायची, आणि गाडी तिच्या मनातलं ऐकल्यासारखी वळायची. "उतरले तेव्हा मला भूक लागली होती," मॅडम म्हणाल्या. "चार महिन्यांत पहिल्यांदा. परत यायच्या वर्षी जुनी एक घेतली आणि सामानाबरोबर आणली. घरचे म्हणाले, हिला वेड लागलंय."

मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता क्लच दाबता येत नाही. चालवणारं कुणी नाही."

"मला शिकवाल?" बायको म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करते आहे.

घरी आल्यावर मी बोललो. बोलू नये ते बोललो. "या वयात? स्कूटर कधी चालवली नाहीस, आणि परदेशी गाडी? लोक हसतील." ती भात वाढत होती. ताट माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "वीस वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला मशीनवर बसवलंत. येतं का म्हणून विचारलं नाहीत. बसवा म्हटलं होतं का मी?" आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिच्याबरोबर शिकाऊ लायसन्सच्या रांगेत उभा राहिलो. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, घरातला अबोला सोसत नव्हता एवढंच.

गावाबाहेर नव्या लेआउटचे रस्ते झाले होते, घरं अजून नव्हती. सकाळी सहाला तिथं जायचं. मेकॅनिक मॅडमना गाडीतून न्यायचा, आम्ही स्कूटरवरून पोचायचो. बायको चालवायला, मॅडम शेजारी. मी आणि मेकॅनिक फुटपाथच्या दगडावर. गाडीत तिसरी जागाच नाही. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती आणि मॅडम "निधान, निधान" ओरडत होत्या. हळू, हळू. पाचव्या-सहाव्या दिवशी उड्या थांबल्या. मॅडम खिडकीतून मला म्हणाल्या, "हिच्या पायाला कान आहेत, अण्णा!"

असणारच. मशीनच्या पेडलवर किती दाबलं की किती टाके पडतात हे ज्या पायाला तीस वर्षं कळत होतं, त्याला क्लच काय कळणार नाही? माझ्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी ते पाय रोज बघत होतो.

पक्कं लायसन्स मिळाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी ठरवलं, टी. नरसीपूरला धाकट्या बहिणीकडे गाडीतून जायचं, आणि त्यांना तिथं चार दिवस सोडून बायकोनं परत यायचं. बायको म्हणाली, "येताना एकटी नाही येणार." म्हणून त्या दोघी गाडीतून गेल्या आणि मी मागून बसनं. बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला लोंबकळत मी खिडकीतून रस्ता बघत होतो. एका फाट्याजवळ त्या चहाला थांबलेल्या दिसल्या. छत उघडं, दोघींच्या डोक्याला पदर बांधलेले, आणि बायको मान मागे टाकून हसत होती. मी हात केला. तिचं लक्ष नव्हतं. बस पुढे गेली.

असं हसताना तिला मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवत बसलो. बहिणीचं घर आलं तरी आठवलं नव्हतं.

जेवण झालं, नदीच्या संगमावर जाऊन पाय बुडवून आलो, आणि ऊन कलल्यावर आम्ही दोघं निघालो. मी पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होतो. मीच शिवलेल्या सीटवर. रस्ता फार जवळ दिसत होता, उसाच्या शेतांचा वास थेट नाकात येत होता. बायको काही बोलत नव्हती. समोर बघत होती आणि वळण आलं की तिचं मनगट हलत होतं. मी म्हणणार होतो, बरं चालवतेस गं. शब्द जुळवत होतो.

आणि झोप लागली.

गाडीत, बसमध्ये, रेल्वेत मला कधी झोप येत नाही. घरीसुद्धा कंबरेमुळे तासातासाला जाग येते. त्या दिवशी मी वीस मैल मेल्यासारखा झोपलो. जाग आली तेव्हा तिन्हीसांज होती, गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि पुढचे दिवे वर आलेले होते. बायको इंजिन बंद करून नुसती बसली होती.

"उठवलं का नाहीस?"

"झोपला होतात की चांगले," ती म्हणाली. "कितीतरी वर्षांनी. मी शेवटचं एक गाव सावकाश चालवत आले मग."

हे त्या बंगळूरच्या तरुणांना कसं सांगायचं? ते वेगाचं, वळणाचं, आवाजाचं सांगत होते. मी त्या गाडीच्या प्रेमात पडलो तेव्हा झोपेत होतो. रस्ता कसा होता ते मी पाहिलंही नाही.

त्यानंतर वर्षभर आठवड्यातून एकदा बायको मॅडमना फिरवून आणायची. मग मॅडम न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्यांनी गाडी बायकोला द्यायची गोष्ट काढली होती. बायकोनंच नको म्हटलं. ठेवायला जागा नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आणि जुनी गाडी म्हणजे घरातलं म्हातारं माणूस, तिला सारखं कुणीतरी लागतं. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. त्या बंगळूरच्यांपैकीच एकानं ती घेतली. चालक म्हणून तो चांगला आहे, पण दुसरा गिअर घालताना घाई करतो. गेल्या महिन्यात तो सगळ्यांना घेऊन आला तो बायकोला गाडी दाखवायलाच. तिनं एक चक्कर मारली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याला दहा मिनिटं नुसता क्लच समजावून सांगितला. ते सगळे माना डोलावत ऐकत होते. मी पायरीवर बसून कप गोळा करत होतो.

मॅडमचा अधूनमधून फोन येतो. त्या आता वॉकरनं चालतात. बायकोशी बोलतात, माझी फक्त कंबर कशी आहे ते विचारतात.

कंबर तशीच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पायपिंगचं काम आता बाहेर द्यावं लागतं, कारण बायको सकाळी घरी नसते. आमच्या समाजातल्याच एकांची जुनी छोटी गाडी घेऊन ती बायकांना चालवायला शिकवते. परवा दोन गल्ल्या पलीकडच्या एक आजी आल्या होत्या. बासष्ट वर्षांच्या. दारात उभ्या राहून मला विचारत होत्या, "या वयात जमेल का हो?"

मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "तिला विचारा. मला त्यातलं कळत नाही."